मैदान कोणाचे, संघ कोणाचा: दक्षिण नागपुरातील एका फुटबॉल अकादमीविषयी

माझा मुलगा दक्षिण नागपुरातील ज्या फुटबॉल अकादमीत शिकतो, तिथल्या प्रशिक्षणाला मी निःसंकोचपणे पैकीच्या पैकी गुण देईन. तरीही नव्या हंगामाचे वार्षिक शुल्क एकरकमी भरण्यापूर्वी प्रत्येक पालकाने कार्यालयात जाऊन मैदानाच्या भाडेपट्ट्याची प्रत पाहायला मागावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे. जमीनमालक आणि अकादमीचे संचालक यांच्यात भाड्यावरून वाद सुरू आहे आणि तो मिटला नाही तर अकादमी वर्धा रोडवर खापरीच्याही पुढे हलवू, असे संचालकांनी पालकसभेत जाहीर केले आहे. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असल्याने मी कोणाचेही नाव घेत नाही. ज्यांची मुले तिथे खेळतात, त्यांना सांगावे लागणार नाही.

आधी प्रशिक्षणाविषयी, कारण ते खरोखर वाखाणण्याजोगे आहे. मुख्य प्रशिक्षक कामठीच्या मैदानांवर खेळून मोठे झालेले आहेत आणि त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली फुटबॉलची शिस्त त्यांच्या शिकवण्यात उतरली आहे. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून मागे कोण आहे हे पाहून घेण्याची सवय ते अगदी लहान मुलांनाही लावतात; एखादा मुलगा न पाहता चेंडू घेऊ लागला तर खेळ थांबवतात, ओरडत नाहीत, फक्त त्याच्या मागे जाऊन उभे राहतात आणि त्याने वळून पाहिल्याशिवाय खेळ पुढे नेत नाहीत. कुंपणाच्या भिंतीवर खडूने आखलेले चौकोन आहेत आणि उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलांना त्या चौकोनांवर केवळ डाव्या पायाने चेंडू मारावा लागतो. मुलींची तुकडी वेगळी नाही. बारा वर्षांखालील मुले-मुली एकत्र खेळतात आणि त्याचा दोघांनाही फायदा होतो. मैदानाच्या एका बाजूला कृत्रिम गवताचे टर्फ आहे, दुसऱ्या बाजूला साधी माती आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टर्फ फार लवकर तापत असल्याने मे महिन्यात सराव मातीवर घेतला जातो. प्रथमोपचाराची पेटी भरलेली असते, पिण्याचे पाणी थंड असते. शुल्क या भागातील इतर अकादमींच्या बरोबरीचे आहे, आणि जवळच्या वस्त्यांमधून सायकलने येणाऱ्या काही मुलांकडून निम्मेच घेतले जाते. ही गोष्ट संचालकांनी कधी मिरवलेली नाही. त्याबद्दल त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

आता वादाविषयी. जमीन खासगी मालकीची आहे. अकादमी सुरू झाली तेव्हा आजूबाजूचे ले-आउट रिकामे होते. पुढे मेट्रो आली, इमारती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव चढले आणि जुने भाडे मालकाला परवडेनासे झाले. संचालकांचे म्हणणे असे की टर्फ, दिवे आणि जाळ्या यांवर त्यांनी कर्ज काढून पैसा घातला आहे, तो वसूल होण्याआधीच भाडे वाढवणे हा अन्याय आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि मी कोणालाही खलनायक ठरवणार नाही. मला खटकले ते पालकसभेत घडलेले. संचालकांनी जमीनमालकाला उद्देशून लिहिलेले निवेदन पालकांपुढे सह्यांसाठी ठेवले आणि सांगितले, ‘‘तुम्ही पाठीशी उभे राहिलात तर आपण इथेच राहू, नाहीतर माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही.’’ म्हणजे स्थलांतराचा इशारा जमीनमालकाला, तो पोहोचवायचा पालकांनी, आणि त्याची झळ सोसायची मुलांनी. फुटबॉलच्या इतिहासात क्लबच्या मालकांनी ही खेळी अनेकदा खेळलेली आहे आणि तिचा शेवट कुठे होतो याच्या नोंदी उपलब्ध आहेत. म्हणूनच या परीक्षणात मी त्यांवर थोडा विस्ताराने लिहितो.

आपल्या प्रकरणाला सर्वांत जवळचे उदाहरण इंग्लंडमधील कव्हेंट्री सिटी या क्लबचे आहे. १८९९ पासून ज्या हायफील्ड रोड मैदानावर हा क्लब खेळत होता, ते सोडून २००५ मध्ये तो रिको अरिना या नव्या स्टेडियममध्ये गेला. परंतु बांधकामाच्या काळात पैशांची चणचण भासल्याने क्लबने त्यातील आपला हिस्सा एका धर्मादाय संस्थेला विकला होता आणि उरलेला निम्मा हिस्सा नगर परिषदेकडे होता. परिणामी क्लब आपल्याच घरात भाडेकरू झाला. भाडे वर्षाला सुमारे १२ लाख पौंड, आणि सामन्याच्या दिवशी होणारी खाद्यपदार्थांची व वाहनतळाची कमाई मात्र मुख्यतः दुसऱ्याच्या खिशात. क्लब घसरत तिसऱ्या श्रेणीत गेल्यावर हे भाडे अवाजवीच होते. २००७ पासून क्लबची मालकी असलेल्या सिसू या गुंतवणूक कंपनीची त्याविषयीची तक्रार निराधार नव्हती. पण २०१२ मध्ये कंपनीने भाडे देणेच थांबवले, वाटाघाटी फिसकटल्या आणि २०१३-१४ च्या हंगामात क्लबचे ‘घरचे’ सामने नॉर्थॅम्प्टनला, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर दूर नेण्यात आले. आपल्याकडे नागपूरच्या संघाने रामटेकच्याही पुढे जाऊन घरचा सामना खेळावा, इतके ते अंतर आहे. आदल्या हंगामात सरासरी १०,००० हून अधिक प्रेक्षक येत असत, ते तिथे २,५०० च्या आत आले. मालकाला एक पैसाही मिळू नये म्हणून अनेक निष्ठावान प्रेक्षक नॉर्थॅम्प्टनपर्यंत प्रवास करून जात, पण तिकीट न काढता स्टेडियमबाहेरच्या टेकाडावर उभे राहून सामना पाहत.

क्लब २०१४ च्या सप्टेंबरमध्ये परतला. पण त्याच वर्षी ते स्टेडियम वॉस्प्स या रग्बी क्लबने विकत घेतले, जो स्वतः आपले जुने गाव सोडून तिथे आला होता. पुन्हा करार फिसकटला आणि २०१९ ते २०२१ हे दोन हंगाम कव्हेंट्रीचा संघ बर्मिंगहॅममध्ये खेळला. २०२२ मध्ये वॉस्प्स दिवाळखोरीत गेला, स्टेडियम तिसऱ्याच उद्योगसमूहाकडे गेले, २०२३ मध्ये क्लबचा मालक बदलला, आणि २०२५ मध्ये अखेर क्लबने ते स्टेडियम विकत घेतले. भाड्याच्या एका वादापायी एका शहराच्या प्रेक्षकांची एक पिढी अशी होरपळली. त्यातून मला जे दिसते ते आपल्या संचालकांनीही पाहावे असे वाटते: भाडे अवाजवी असल्याचे क्लबच्या मालकाचे म्हणणे खरे असूनही, संघ दूर नेण्याच्या निर्णयाने त्याचे काहीच भले झाले नाही, कारण ज्यांच्या जोरावर तो घासाघीस करत होता ते प्रेक्षकच त्याने गमावले.

आपल्या अकादमीत ‘प्रेक्षक’ म्हणजे सायकलने येणारी मुले. खापरीपुढच्या जागेचा विचार करताना गाडीतून मुलांना सोडणाऱ्या आमच्यासारख्या पालकांना फार तर पेट्रोलचा आणि वेळेचा भुर्दंड पडेल. पण पहाटेच्या तुकडीसाठी मेट्रो उपयोगाची नाही, आणि ट्रक व बसगाड्यांनी सतत वाहणाऱ्या वर्धा रोडवर दहा-बारा वर्षांच्या मुलाला अंधारात सायकल चालवायला कोण पाठवेल? सभेत मागच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी नेमके हेच विचारले: ‘‘त्या रोडवर पोट्ट्याला सायकलनं कसं धाडू जी?’’ संचालकांनी बसची सोय करू असे उत्तर दिले. बसचे भाडे कोण देणार, हे सांगितले नाही. जी मुले निम्म्या शुल्कावर येतात, ती बसचे भाडे भरू शकणार नाहीत. स्थलांतर झाले तर अकादमीचे नाव, गणवेश आणि प्रशिक्षक तेच राहतील, पण तिच्यातील सर्वांत चपळ आणि सर्वांत गरजू मुले मागे राहतील.

मागे राहिलेल्यांचे काय होते, याचे उत्तर लंडनमधील विम्बल्डनने दिले आहे. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा हा क्लब १९९१ मध्ये प्लाउ लेन हे आपले मैदान सोडून क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळू लागला, आणि मधल्या काळात मालकांनी जुनी जागा विकून टाकली. त्यानंतर नव्या मालकांनी क्लब सुमारे ९० किलोमीटरवरील मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या शहरात नेण्याची परवानगी मागितली. २००२ च्या मे महिन्यात तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती दिली, आणि प्रेक्षकांनी नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, असेही आपल्या निर्णयात नमूद केले. प्रेक्षकांनी तरीही तो काढला. त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेऊन एएफसी विम्बल्डन उभा राहिला, स्थानिक पातळीच्या लीगपासून वर चढत २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला, आणि २०२० मध्ये प्लाउ लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या स्टेडियममध्ये परतला. तो आजही समर्थकांच्या न्यासाच्या मालकीचा आहे. ही कथा प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. पण परतायला १८ वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही. आमच्या मुलांकडे बालपणाची १८ वर्षे शिल्लक नाहीत.

ब्रायटनचे उदाहरण मी वेगळ्या कारणासाठी देतो. १९९५ मध्ये तिथल्या मालकांनी गोल्डस्टोन हे मैदान विकले. १९९७ मध्ये शेवटचा सामना झाला, पुढचे दोन हंगाम संघ शंभरहून अधिक किलोमीटर दूर जिलिंगहॅमला खेळला आणि कायमचे घर त्याला २०११ मध्येच मिळाले. पण सगळ्याची सुरुवात एका कागदापासून झाली होती. मैदान विकून होणारा नफा भागधारकांना घेता येऊ नये यासाठी क्लबच्या नियमावलीत असलेली तरतूद गाजावाजा न करता काढून टाकण्यात आली होती. स्थानिक वृत्तपत्राने ते उजेडात आणल्यानंतर ती परत घालण्यात आली. माझ्याकडे अकादमीच्या शुल्काची पावती आहे. पुढच्या बाजूला मुलाचे नाव, तुकडी आणि रक्कम आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी छापलेल्या आहेत. त्यांतील एक अट सांगते की प्रशिक्षणाचे ठिकाण आणि वेळ बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील, आणि तिच्या लगेच खालची अट सांगते की भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. या दोन अटी वेगवेगळ्या वाचल्या तर साध्या वाटतात, पण एकत्र वाचल्या की वर्षाचे पैसे घेऊन अकादमी दुसऱ्या महिन्यात कुठेही हलवता येते, असा त्यांचा अर्थ होतो. माझ्या मते या सेवेतील खरा दोष हाच आहे. भाड्याचा वाद उद्या मिटला तरी ही अट कायम राहणार आहे.

संघ हलवू पाहणाऱ्या मालकाला अडवता येते, तेही केवळ कागदाच्या बळावर, हे अमेरिकेतील कोलंबस क्रू या क्लबने दाखवून दिले. २०१३ मध्ये अँथनी प्रीकोर्ट यांनी हा क्लब विकत घेतला तेव्हा तो कोलंबसमध्येच ठेवण्याचे बंधन होते. मात्र त्यात ऑस्टिन शहरापुरती पळवाट ठेवलेली होती, हे नंतर उघड झाले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी शहराच्या मध्यवर्ती भागात नवे स्टेडियम मिळाले नाही तर क्लब ऑस्टिनला नेऊ, असे जाहीर केले. क्लबचे समर्थक एकवटले, पण केवळ घोषणांवर थांबले नाहीत. अमेरिकन फुटबॉलमधील क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला नेण्यात आल्यानंतर ओहायो राज्याने १९९६ मध्ये एक कायदा केला होता: सरकारी मदत घेऊन करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या मैदानात खेळणारा संघ हलवायचा असेल तर मालकाने सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. २०१८ मध्ये राज्याने याच कायद्याच्या आधारे दावा दाखल केला. त्याने मिळालेल्या वेळात स्थानिक खरेदीदार पुढे आले, त्यांतील एक कुटुंब तर क्लबच्या डॉक्टरांचेच होते, आणि क्लब शहरातच राहिला. २०२० मध्ये त्याने लीगचे विजेतेपद पटकावले आणि २०२१ मध्ये नव्या स्टेडियममध्ये पाऊल ठेवले. प्रीकोर्ट यांना ऑस्टिनमध्ये नवा क्लब मिळाला. कोणाचेच नुकसान झाले नाही, आणि हे सारे सहा महिन्यांच्या पूर्वसूचनेमुळे शक्य झाले.

आपल्याकडे असे संरक्षण नाही. इंडियन सुपर लीगमध्ये दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला; त्याच वर्षी एफसी पुणे सिटी बंद पडून त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली, आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला गेला. बालेवाडीत जाऊन पुण्याचा संघ पाहणाऱ्या प्रेक्षकाला कोणी काही विचारले नाही. व्यावसायिक लीगचीच ही गत असेल, तर गल्लीतल्या अकादमीसाठी कायदा धावून येईल अशी आशा करण्यात अर्थ नाही. जे काही मिळवायचे ते पावतीवर आणि करारातच मिळवावे लागेल.

स्थलांतर म्हणजे नेहमी वाईटच, असे माझे म्हणणे नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याच्या नव्या स्टेडियममध्ये नेले, पण सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान मोडीत काढले नाही. तिथे देशांतर्गत सामने होत राहिले. त्यामुळे शहरातल्या मुलाला क्रिकेट जवळून पाहण्याची सोय उरली. आपल्या संचालकांना खापरीपुढे मोठी जागा स्वस्तात मिळत असेल तर त्यांनी ती जरूर घ्यावी, मोठ्या मुलांच्या तुकड्या आणि शनिवार-रविवारचे सामने तिथे न्यावेत. मात्र लहान मुलांची तुकडी याच भागात, मग ती टर्फ नसलेल्या साध्या मैदानावर का असेना, चालू ठेवावी. मातीवरचा सराव ते आजही घेतातच.

आणखी एक बाब नव्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत अकादमीच्या नावावर होते. अकादमी दूर गेली आणि मुलाला जवळच्या दुसऱ्या संघाकडून खेळायचे असेल, तर आधीची नोंदणी मोकळी करून घ्यावी लागते. हंगाम सुरू झाल्यावर त्यासाठी कार्यालयात खेटे घालण्याची वेळ कोणावर येऊ नये. भाडेपट्ट्याचेही तसेच: एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी कायदा, १९०८ नुसार नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे ‘‘आमचा करार पाच वर्षांचा आहे’’ असे कोणी तोंडी सांगितले तर नोंदणीचा क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही.

आम्ही काही पालकांनी संचालकांना भेटून निवेदनावर सही करण्याची तयारी दाखवली, पण त्याच भेटीत आमच्याही मागण्या लेखी दिल्या. ठिकाण बदलायचे असल्यास सहा महिने आधी लेखी सूचना मिळावी. ज्यांना नव्या जागी येणे शक्य नाही त्यांना उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत मिळावे आणि मुलाची नोंदणी विनाअट मोकळी करून मिळावी. वार्षिक शुल्काऐवजी तिमाही शुल्क भरण्याचा पर्याय असावा. आणि जमीनमालकाशी होणाऱ्या बोलण्यांत पालकांचा एक प्रतिनिधी बसावा. संचालकांनी आमचे शांतपणे ऐकून घेतले, हे नमूद केलेच पाहिजे. तिमाही शुल्क त्यांनी लगेच मान्य केले आणि नोंदणी अडवणार नाही असेही स्पष्ट सांगितले. शुल्क परत करण्याचे तोंडी कबूल केले, परंतु पावतीवरची अट बदलायला अद्याप तयार नाहीत. पालक प्रतिनिधीला त्यांनी नकार दिला. दोन व्यावसायिकांच्या वाटाघाटीत तिसऱ्याला आणणे जमीनमालकालाही रुचणार नाही, हे त्यांचे कारण मला पटण्यासारखे वाटले आणि ती मागणी आम्ही सोडली.

प्रशिक्षणासाठी पाचपैकी पाच, सुविधांसाठी चार, पारदर्शकतेसाठी दोन असे माझे गुणांकन आहे. मुलगा तिथेच खेळत राहील, कारण असे प्रशिक्षक या भागात मला दुसरे आढळलेले नाहीत. मी तिमाही शुल्क भरले आहे, आणि नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनीही तेवढेच भरावे, पावती उलटून वाचावी आणि सूचना व परतावा या दोन मुद्द्यांवर व्यवस्थापनाची सही-शिक्क्यासह हमी मागावी. ती हमी छापील स्वरूपात मिळाली की पारदर्शकतेचे गुण मी स्वतः वाढवीन.